पाय टेकायला हवेत का? गेवराई ते कडा, दोनशे सीसीच्या गाडीवर

दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले होते. अंगणातली दोनशे सीसीची गाडी ठेवायची की विकायची, हे मला त्याआधी ठरवायचं होतं. एकदा तरी तिला लांब न्यावं आणि मग ठरवावं, म्हणून कड्याला निघालो.

मी गेवराईत कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. घरापासून कॉलेज दीड किलोमीटर. एवढ्यासाठी ही उंच ॲडव्हेंचर गाडी कशाला, असं शेजाऱ्यांनी विचारलं, पुण्याहून मुलीनेही विचारलं. मी 'घेतली' एवढंच म्हणालो. खरं म्हणजे अशी गाडी माझ्या बायकोला, सुनंदाला, हवी होती. ती मागच्या वर्षी श्रावणात आजारपणात गेली. गाडी मी त्यानंतर सात महिन्यांनी घेतली, सेकंडहँड.

सुनंदा पशुधन पर्यवेक्षक होती. म्हणजे गावोगाव जाऊन जनावरांना लसी देणं. दिवाळीनंतर कड्याकडचे मेंढपाळ मेंढ्या घेऊन आमच्या गोदाकाठी येतात आणि उन्हाळाभर शेताशेतांत मुक्काम करतात. त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. वाडा आज इथे, चार दिवसांनी दुसऱ्या शिवारात. सुनंदा स्कूटीवर त्यांना शोधत फिरायची. त्यांतल्या ठकूबाईंचा फोन आला होता, "म्याडमचा लसीचा डबा आमच्याकडंच ऱ्हायलाय. तुमी या, घेऊन जावा." जायला एवढं कारण पुरेसं होतं.

सकाळी सहाला निघालो. पंपावर टाकी भरताना मागे दोघं बोलत होते.

"सर कुठं, लडाखला का?"

"कड्याला म्हणं."

"कड्याला एवढी गाडी? बे, कड्याला तर एस्टी जाती की."

मी हेल्मेट घातलं. गाडी सुरू केली.

गेवराई ते बीड हा चौपदरी महामार्ग आहे. इथे या गाडीचं फार कौतुक करता येणार नाही. ताशी ऐंशीला ती शांत चालते. नव्वदच्या पुढे हँडल थरथरून हातांना मुंग्या येतात आणि मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने गाडी हातभर सरकते. ज्यांना रोज हायवेच करायचा आहे त्यांनी या पैशात दुसरी गाडी पाहावी. ऊसतोडीला निघालेल्या लोकांचे ट्रक आत्ताच सुरू झाले होते. एका ट्रकवर भांडी, बाज, शेळी आणि सगळ्यांच्या वर ऐटीत बसलेली एक म्हातारी होती. तिने मला हात केला. मीही केला.

बीडमध्ये सात वाजता पोचलो. बसस्टँडजवळ पोहे खाल्ले, तर्री चांगली होती. तिथून रायमोह्याच्या रस्त्याला लागायला मी सरळ वाट सोडून आतून वळसा घेतला, कारण सरळ वाटेवर ते शोरूम लागतं. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. सुनंदा अशाच गाडीवर बसून पाहत होती. तिची उंची पाच फूट एक इंच, सीट साडेबत्तीस इंच. तिचे पाय टेकत नव्हते, म्हणून मी नको म्हटलं आणि आम्ही स्कूटी घेऊन आलो. मी हे आजवर सगळ्यांना असंच सांगत आलो आहे.

रायमोह्याच्या पुढे मात्र गाडीचा स्वभाव कळला. डोंगराळ भाग, मध्येच उखडलेला रस्ता, मध्येच पुलाचं काम आणि बाजूने काढलेली कच्ची वाट. माझ्या जुन्या गाडीवर अशा ठिकाणी कंबर धरायची. इथे पायांवर थोडं उभं राहिलं की गाडी खालून आपलं आपलं पाहून घेते. पुढचं चाक मोठं असल्यामुळे खड्ड्यात आदळत नाही, उतरते आणि चढते. नव्या रेल्वेचा रूळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे सोबत होता. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीभोवती फेरी मारली.

"ॲव्हरेज किती देती?"

"अडतीस-चाळीस."

"वजन?"

"दीडशेच्या वर."

"मंग पडली तर उचलायला दोघं लागत्यात," तो म्हणाला आणि मोठ्या समाधानाने भजी तळायला गेला.

कड्याच्या अलीकडे ठकूबाईंनी सांगितलेली खूण, पाण्याची निळी टाकी, सापडली. तिथून दोन किलोमीटर माळ आणि शेवटी एक काळं रान. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वी झालेला. स्कूटी इथे सुरुवातीलाच रुतली असती. ही गाडी मागून वळवळत का होईना, जात राहिली. वाडा दिसला. जाळीच्या कुंपणात कोकरं, बाहेर एक पांढरी घोडी, तीन दगडांची चूल. ठकूबाई आणि त्यांचा नवरा भिवाजी उभे राहून पाहत होते. मी ऐटीत थांबायला गेलो, डावा पाय खाली टाकला, तो बरोबर सरीत गेला. गाडी आणि मी दोघंही आडवे.

ठकूबाई आधी हसल्या, मग धावल्या. साठीच्या असतील, उंचीने माझ्या खांद्याच्याही खाली. गाडी आम्ही तिघांनी उचलली.

"लागलं का, जावईबापू?" सुनंदाला त्या लेक म्हणायच्या, त्या हिशेबाने मी जावई.

"नाही. पाय खोल गेला."

"पाय टेकवायला गेलात कावून? म्याडम कधी न्हाई पडल्या."

मला वाटलं, त्या स्कूटीबद्दल बोलत आहेत. तसं मी म्हणालोही.

"स्कूटीचं न्हाई," भिवाजी म्हणाले. "अशाच गाडीचं. आमचा भाचा मेंढरांचा यापार करतो, त्याची हाय की असलीच. तो भाकर खायला बसला की म्याडम म्हणायच्या, चावी दे. ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. आदी नुसत्या बसल्या, मंग चालवाया लागल्या. तीन-चार हिवाळे, लई येळा."

"पण तिचे पाय टेकत नव्हते."

ठकूबाईंनी घोडीकडे हात केला. "वाडा हालला की मी हिच्यावर बसती. माजे पाय कुटं टेकत्यात? बांधाला घोडी लावायची, चढायचं. बांधाला लावायची, उतरायचं. म्याडमला मीच म्हनलं, गाडीला पन तसंच कर. थांबायचं तर उंचवटा बघून थांब. एक पाय पुरतो."

मी घोडीकडे पाहत राहिलो. मला न सांगता तीन-चार हिवाळे सुनंदा हे करत होती.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"आमी इचारलं व्हतं," ठकूबाई म्हणाल्या. "तर म्हनाल्या, त्यांना सांगू नका, त्यांना माजी काळजी वाटती. पडंन म्हनून गाडी घेऊ दिली न्हाई."

आता ते शोरूम नीट सांगतो, कारण इतकं लांब येऊनही खोटं सांगण्यात अर्थ नाही. सुनंदा गाडीवर बसली तेव्हा तिच्या पायांची बोटं टेकत होती. गाडी थोडी कलली. तिथे काम करणारी दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली. मी पटकन हँडल धरलं आणि म्हणालो, "उतर. पाय टेकत नाहीत, लोक बघताहेत." ती उतरली. मला तेव्हा काळजी वाटली नव्हती, लाज वाटली होती. ती घरी येईपर्यंत बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. नंतर या माळावर तिने लोकांना सांगितलं की मला काळजी वाटते. ती माझी बाजू घेऊन बोलली. का, ते आता विचारता येणार नाही.

दुपारी बाजरीची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा जेवलो. लसीचा निळा डबा ठकूबाईंनी आणून ठेवला. झाकणावर सुनंदाच्या अक्षरात तिचं नाव होतं, अर्धं पुसलेलं. दीड वर्ष तो घोडीच्या पाठीवरून शिवारोशिवार फिरला होता. आत चहापत्ती आणि साखर.

"मुंग्या लागत न्हाईत ह्यात," त्या ओशाळून म्हणाल्या आणि रिकामा करायला लागल्या. "थांबा, धुऊन देते."

"राहू द्या. तुमच्याकडेच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि साखर परत आत ओतली.

निघताना भिवाजी म्हणाले, "दिवाळी झाली की आमी येतोच तिकडं. पन नव्या म्याडम पाऊस झाला की येत न्हाईत. त्यांचा दोष न्हाई, स्कूटी रुतती. गेल्या साली अवकाळीत लस हुकली, अकरा कोकरं गेली."

मुक्काम कड्यात एका लॉजवर केला. खोली साधी, पाणी गरम. सकाळी त्याच रस्त्याने परत. या वेळी बीडमध्ये वळसा घेतला नाही. शोरूमसमोर सिग्नल नव्हता, तरी गाडी हळू केली. काचेमागे नव्या गाड्या होत्या. थांबलो नाही.

अशी छोटी ॲडव्हेंचर गाडी घ्यावी का, असं कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगू शकतो. रस्ता जिथे संपतो तिथे ज्याचं काम सुरू होतं, त्याने जरूर घ्यावी. कॉलेजला दीड किलोमीटर जाणाऱ्या माझ्यासारख्याला तिचा उपयोग नाही. उंचीची चौकशी मात्र ज्याला बसायचं आहे त्यानेच करावी, शेजारी उभं राहणाऱ्याने नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी नव्या पर्यवेक्षक रेश्मा मॅडमना बोलावलं. तुमची इथे नेमणूक आहे तोपर्यंत ही गाडी वापरा, असं फोनवर सांगितलं होतं. त्या नवऱ्याबरोबर आल्या. उंचीने सुनंदाएवढ्याच, कदाचित बोटभर कमी. त्या गाडीवर बसल्या. गाडी थोडी कलली आणि माझा हात आपोआप हँडलवर गेला.

"सर, गाडी झ्याक हाय," त्यांचा नवरा म्हणाला. "पन हिचे पाय टेकत न्हाईत. ए, उतर."

त्या उतरायला लागल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. असा चेहरा मी पाहिलेला आहे.

मी हँडलवरचा हात काढला.

"उतरू नका," मी म्हणालो. "एक पाय पुरतो. तो धुण्याचा दगड दिसतोय ना? गाडी त्याच्यापाशी न्या."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. गाडी सुरू केली, पहिल्या गिअरमध्ये दहा पावलं नेली आणि डावा पाय बरोबर दगडावर ठेवून थांबल्या. गाडी हलली नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता मी गेट उघडतो."

गेट उघडलं. त्या वळणापर्यंत गेल्या, मग नुसता आवाज राहिला, मग तोही गेला. मी दगडापाशी येऊन उभा राहिलो. 'उतरू नका', दोनच शब्द होते, बोलायला सोपे होते. बीडच्या शोरूममध्येही सोपेच होते.