चितेसमोरची भाषणं

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका छोट्या दैनिकात बातमीदार होतो. कुणी पुढारी वारला की स्मशानात जायची ड्यूटी माझी. गेलेली माणसं हळूहळू विसरलो, त्यांच्यापुढची भाषणं मात्र डोक्यात साठत गेली.

*

एक आमदार अचानक गेले. कृष्णेच्या घाटावर चिता रचलेली. तालुकाध्यक्ष हुंदके आवरत माइकवर म्हणाले, "साहेबांची जागा कुणीच भरून काढू शकणार नाही. पण पक्षानं आदेश दिला, तर मी प्रयत्न करीन."

माझ्या शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "ह्येला जरा थांब म्हणावं. त्यास्नी अजून पेटवलं बी न्हाई."

मी हे सगळं लिहून दिलं. आमचे संपादक अण्णा म्हणजे जुन्या वळणाचे. मयताच्या बातमीत राजकारण नको म्हणून त्यांनी भाषणं काढून टाकली आणि एवढंच छापलं, 'अनेकांनी श्रद्धांजली वाहिली.'

दुसऱ्या दिवशी सहा जण ऑफिसात भांडायला आले. सहाही वक्तेच. घरचं कुणी आलं नाही.

*

कवठे महांकाळकडचे एक गुरुजी. तलावासाठी अर्ज करण्यात त्यांचा जन्म गेला. ते वारले तेव्हा मंत्री आले. तलाव बांधणं हीच गुरुजींना खरी श्रद्धांजली ठरेल, असं त्यांनी जाहीर केलं.

टाळी वाजवावी की नाही, लोकांना कळेना. तेवढ्यात गुरुजींचे थोरले भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "जित्याला दिलं न्हाई, आता मेल्याच्या तोंडात पाणी घालताय व्हय?"

तलाव काही झाला नाही.

*

आणीबाणीत औंधजवळ एक जुने कार्यकर्ते गेले. फौजदारांनी आधीच बजावलं होतं, भाषण करायचं नाही. फक्त दोन मिनिटं शांत उभं राहायचं.

सगळे उभे राहिले. दोनाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस. कुणी हलेना. शेवटी फौजदारच घामाघूम झाले आणि सरपंचांना म्हणाले, "आता बास करा की."

सरपंच त्यांच्या कानाशी लागले. "बोलायची बंदी हाय न्हवं? मग बास कुणी म्हणायचं?"

*

मेढ्याकडे दोन पुढारी होते, आबा आणि बापू. चार निवडणुका एकमेकांविरुद्ध लढले. आबा वारले. त्यांचा मुलगा लष्करात हवालदार, रजेवर आलेला. त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, राजकारणाचा एक शब्द जरी निघाला, तरी हाताला धरून बाहेर काढीन.

बापू काठी टेकत आले. नको म्हणत असताना लोकांनी त्यांच्यापुढं माइक धरला. ते चितेवरच्या आबांकडं वळले.

"चारदा माझ्या विरुद्ध उभा ऱ्हायलास," ते म्हणाले. "दोनदा मी पडलो, दोनदा तू. पाचव्यांदा असा न लढताच आडवा झालास. आता मी कुणाविरुद्ध उभा राहू रं गड्या?"

कुणी तरी मागून पुटपुटलं, हे राजकारणच झालं की.

हवालदार पुढं झाला. त्यानं खरंच बापूंचा हात धरला. तो त्यांना चितेजवळ घेऊन गेला. घरच्यांनी आबांच्या अंगावर शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचायच्या राहिल्या होत्या. त्यातली एक उचलून त्यानं बापूंच्या हातात दिली.

"छातीवरची तुमी ठेवा."