मैनाबाईची राळ

चुलीवर राळ चढवायच्या आधी मैनाबाई अंगणाच्या मधोमध उभी राहायची आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी आरोळी द्यायची, "राळ चढून राह्यली वो! लेकरं धरा, कोंबड्या धरा!" मग शेजारपाजारची वाळत घातलेली लुगडी भराभर आत जायची, कोंबड्या टोपल्यांखाली जायच्या आणि पोरं कुंपणाबाहेर रांगेत उभी राहायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका आरोळीनंतर. बल्लारपूरजवळ बांबूच्या डेपोवर मला नुकतंच काम मिळालं होतं. वर्धेच्या काठावरच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्या नावाड्यांच्या, वस्तीत एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून पत्र्याची पेटी घेऊन मी तिच्या कुंपणाशी आलो आणि "बाई, खोली..." एवढंच म्हणालो.

"तिकडून नोको!" ती ओरडली. "धूर तिकडंच जाऊन राह्यला. वाऱ्याच्या पाठीकडून ये. आन् धोतराचा सोगा खोच पहिले!"

मी सोगा खोचला आणि घाबरून पेटी डोक्यावर धरली. का धरली ते मला आजही सांगता येणार नाही. मैनाबाई पोट धरधरून हसली. "वरून काई पडत नाई, भाऊ!" म्हणाली. खोली मला मिळाली.

माझं घर कोकणात. सातवीनंतर शाळा सुटली आणि ओळखीच्या कुणाच्या तरी बोटाला धरून मी इतक्या लांब येऊन पडलो. वाघाची भीती, नदीची भीती, मुकादमाची भीती, हिवतापाची तर फारच. अशा माणसाला या बाईने घरात घेतलं, जेवणात मीठ कमी लागतं की जास्त हे न विचारता ओळखलं, आणि मी आजारी पडलो तेव्हा उशाशी बसून राहिली. ते उपकार आहेतच. पण लिहायचं आहे ते तिच्या राळेबद्दल.

नावेच्या फटी बुजवायला राळ तेलात कढवून लावतात, त्यामुळे वस्तीत घरोघरी राळ असायची. तिची शोभेची वस्तू करावी असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मैनाबाईचा नवरा तापाने गेला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात भांड्यात उरलेल्या राळेत एक सोनकिडा पडला आणि मधात बसावा तसा बसला. तिने तो उन्हात धरून पाहिला. तेव्हापासून छंदच लागला. राळेत थोडं मेण घालायचं, म्हणजे ती तडकत नाही. तेल लावलेल्या पणतीत ओतायची. आत शिंपला, मोरपिसाचा डोळा, नाहीतर एखादा किडा. निघाल्या की त्या पिवळ्याधमक वड्या ती खिडकीत ओळीने मांडायची. विकत काही नसे. मी एकदा विचारलं, "बाई, हे कशासाठी करता?"

"तू पान काऊन खातं?" ती म्हणाली. विषय संपला.

तिचे नियम मात्र कडक. राळेचं भांडं वेगळं, त्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली; त्यात कधी काही शिजवायचं नाही. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. जाळावर नाही, निखाऱ्यावर ठेवायचं. चूल उघड्यावर, छपरापासून लांब, आणि वारा पाठीशी, म्हणजे धूर नाकाडोळ्यांत जात नाही. शेजारी कोरड्या रेतीची पाटी आणि भांड्यावर नीट बसणारं झाकण. आत घालायची वस्तू उन्हात वाळवून कुरकुरीत झालेली. ओलसर काही पडलं की राळ तडतडून अंगावर येते. आणि राळ चुलीवर असताना जागेवरून उठायचं नाही. दारात कुणी आलं तर ती बसल्या जागेवरूनच ओरडायची, "इथीच बोल, मी उठून नाई राह्यली!" एकदा तिची सख्खी बहीण दोन वर्षांनी भेटायला आली, तिलाही राळ उतरेपर्यंत कुंपणाबाहेरून रडावं लागलं.

एकदा भांडं उतरवायला मी हात लावला आणि एक थेंब माझ्या मनगटावर पडला. मी किंचाळून तो ओढून काढायला लागलो, तर तिने माझा हात पकडून सरळ पाण्याच्या घागरीत बुडवला. "ओढू नोको! कातडं संग येईन. राहू दे तसाच, थंड होऊ दे." मग माझा हात घागरीत धरून ती तिच्या लेकीच्या, चंद्रीच्या, गोष्टी सांगत बसली. मी कळवळत होतो आणि हसतही होतो, कारण लहानपणी चंद्रीने जिवंत खेकडा काकाच्या पागोट्यात कसा ठेवला ते ती अगदी खेकड्यासारखे हात करून सांगत होती.

"मला फार भीती वाटते हो बाई," मी त्या दिवशी म्हणून टाकलं. "सगळ्याचीच."

"मले नाई वाटत काय? मलेबी वाटते. पण मी भेवाले बसू देत नाई, कामाले लावतो," ती म्हणाली. बायका तिथे कधीकधी असं 'लावतो, करतो' म्हणतात. "उद्यापासून झाकण तुह्या हाती. भेणाऱ्या माणसाची नजर हालत नाई."

तेव्हापासून राळ चढली की मी झाकण घेऊन उकिडवा बसायचो. नजर खरंच हलत नसे.

चंद्रीला नदीच्या खालच्या अंगाला, सिरोंच्याकडे दिली होती. त्या साली तिचे दिवस भरत आले आणि निरोप आला: बाळाच्या पाळण्याला बांधायला बाबाच्या जाळ्याचा तुकडा पाठव. पाळण्याला आजोबाच्या जाळ्याचा तुकडा बांधतात, त्यात पोराची दृष्ट अडकते म्हणे. मैनाबाईने आढ्यावरचं जुनं जाळं काढलं, तर ते हातात भुसा होऊन गळायला लागलं. उंदरांनी आणि कसरीने काही ठेवलं नव्हतं. शोधून शोधून नवऱ्याच्या हातची एक धड गाठ सापडली. ती तिने तळहातावर घेतली आणि श्वासाने उडेल म्हणून तोंड बाजूला वळवून मला म्हणाली, "हे आता राळेतच राहीन, भाऊ. नाईतं सिरोंच्यापर्यंत धूळच जाईन." नदीचं पाणी ओसरायच्या आत शेवटची नाव खाली जाणार होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीत चुलीच्या ठिणगीने दोन घरं जळाली. म्हादू पाटील दुसऱ्या दिवशीच दारात हजर. "मैना, हा खेळ बंद. सारी घरं गवताची हायेत."

"पाटील, एक डाव पाहा तं खरं. पाहून मंग बंद म्हणा."

पाटील पाहायला आले तर मागोमाग सगळी वस्तीही आली. मैनाबाईने आरोळी दिली, कासोटा आवळला, केस बांधले, बांगड्या वर सारल्या. पाटलांना एकेक गोष्ट बोटाने दाखवली: ही रेती, हे झाकण, हा वारा. पाटील मान डोलवायला लागले. राळ पातळ होत आली होती. गाठ एका पानावर बाजूला ठेवलेली होती. सगळं इतकं छान चाललं होतं की तिच्या दिराला, सीतारामभाऊंना, भरून आलं. नवी नाव पाण्यात सोडताना मोहाच्या दारूचे चार थेंब शिंपडतात. वहिनीचं काम पाटलांसमोर फत्ते व्हावं म्हणून त्या भल्या माणसाने द्रोण भरून आणला, हात जोडले आणि सगळा द्रोण चुलीवर ओतला.

भक्कन जाळ झाला आणि भांड्यातल्या राळेने पेट घेतला. बायका किंचाळल्या. कुणी घागर उचलली, कुणी बादली. सगळ्यांत पुढे घागर घेऊन खुद्द पाटील.

"पाणी नाई! पाणी नाई!" मैनाबाई दोन्ही हात पसरून पाटलांच्या आडवी झाली. "पाणी टाकलं तं सारी वस्ती जळीन! भाऊ, झाकण!"

ती म्हणायच्या आतच झाकण बसलं होतं. मी बसवलं होतं, हे मला नंतर कळलं. तिने पाटीभर रेती निखाऱ्यांवर लोटली. झाकणाच्या कडेने काळा धूर निघाला, मग पांढरा, मग काहीच नाही. पाटलांनी घागर अजून छातीशी धरलेली होती.

"आता कोणी झाकण उघडू नोका, थंड होईस्तोवर," ती म्हणाली आणि मग दिराकडे वळली. "काऊन वो भाऊजी? काय ओतलं?"

"मी तं देवाले देल्लं," सीतारामभाऊ रडवेले झाले होते.

"देव माह्या चुलीत बसून राह्यला होता काय?"

सगळे हसले, पाटील सोडून. ते म्हणाले, "बंद." मला वाटलं, आता ही भांडेल. आग तर विझवली होती तिने. पण मैनाबाई खाली बसली, पानावरची गाठ जागेवर आहे हे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बरोबर हाये तुमचं. साऱ्याचा इचार केला, देवभोळ्या दिराचा नाई केला. घराजवळ हे काम नाईच पाहिजे." मला मोठा धक्का बसला. स्वतःची चूक इतक्या हलक्या हाताने उचलून बाजूला ठेवणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी चूल, भांडं, पाटी सगळं नदीतल्या रेतीवर नेलं. आसपास गवताची काडी नाही, घर नाही, वारा मोकळा. तिथे तिने ती गाठ राळेत बसवली. ओतताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. संध्याकाळी पणती उपडी केली तेव्हा गाठ आत जशीच्या तशी, सुताचा पीळसुद्धा दिसत होता. वडीला दोरा ओवायला वरच्या बाजूला जागा ठेवलेली होती. नाव गेली, आणि महिन्याभराने पायी परतलेल्या नावाड्याबरोबर निरोप आला: मुलगी झाली, गाठ पाळण्याच्या वर उंच टांगली आहे, ऊन पडलं की भिंतीवर पिवळा ठिपका हलतो आणि पोरगी त्याच्याकडे बघत रडायची थांबते. मैनाबाईने तो निरोप नावाड्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. शेवटी तो बिचारा जेवायचं म्हणून उठला.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या डेपोवर पाठवलं आणि मैनाबाईचं घर सुटलं. ती गेल्याचंही मला फार उशिरा कळलं. कुठे काही पेटवायचं असलं की मी अजून आधी वारा बघतो, आणि कुणी हसलं तर हसू देतो. पण तिचं नाव निघालं की मला आठवते ती रेतीवरची एक सकाळ. राळ निखाऱ्यावर होती. म्हादू पाटील काठी टेकत आले आणि नेमके धुराच्या बाजूला उभे राहून खोकू लागले. मैनाबाई उठली नाही; नुसतं बोट दाखवून तिने त्यांना वाऱ्याच्या पाठीकडे आणलं. पाटलांनी इकडे तिकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि उपरण्याच्या गाठीतून एक हिरवा सोनकिडा काढला.

"नातीनं धाडला," ते हळूच म्हणाले. "होते काय याचं काई?"

मैनाबाईने किडा दोन बोटांत धरला, कानाशी नेऊन हलवला आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवला.

"वला हाये, पाटील. उन्हात वाळवा, मंग आणा."

आणि गावाचे पाटील "बरं बाई" म्हणून, किडा जपून मुठीत धरून, आल्या वाटेने परत गेले.