भागोजीने बुजवलेली अकरा भोकं

भागोजी ठाकूर मिठागरवाल्यांच्या घरातला. आगर गेलं आणि पन्नाशीला आलेला हा गडी थळच्या रस्त्यावर सुजितशेठच्या कारखान्याच्या फाटकावर येऊन बसला. दहा वर्षांत त्याला विचारल्याशिवाय त्या फाटकातून कुत्रंही आत गेलं नाही. एकदा खुद्द शेठचे सासरे वहीत नाव न लिहिता आत निघाले, तर त्यांना गोड बोलून, पाणी पाजून, अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं होतं पठ्ठ्याने.

कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांवर पंपाची झाकणं बनत आणि सगळी जर्मनीतल्या एका कंपनीला जात. एक दिवस त्या कंपनीचं पत्र आलं. मतलब असा, की आमचे पंप महाग, तरी गिऱ्हाईक आमच्याकडेच येतं. का? तर आमची यंत्रं कुणी परका लांबून बिघडवू शकत नाही, ही आमची हमी. मग झाकणं करणाऱ्याकडेही तसाच बंदोबस्त हवा. आमचा माणूस येऊन बघेल. ढिलाई दिसली तर काम दुसऱ्याला. आता काम गेलं तर कारखाना गेला, आणि कारखानाच नाही तर फाटकावरची खुर्ची कुठली?

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुचिताने सगळ्यांना जमवून समजावलं, की हल्लीचा चोर फाटकातून येत नाही. कुणीतरी कुठलातरी पेन ड्राइव्ह यंत्राच्या भोकात घालतो, आणि त्यातून शिरलेला किडा यंत्र ताब्यात घेतो. फाटकातून येत नाही म्हटल्यावर भागोजीचा जरा अपमानच झाला. त्याने ते भोक बघायला मागितलं. वाकून बघितलं, करंगळी लावून बघितली.

"बाय, ही तर चिंबोरीची बिळं," तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. खाडीचा बांध लाटेने फुटत नाही. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बोटभर बीळ पाडते, उधाणाचं पाणी त्यातून शिरतं आणि सकाळी शेतात समुद्र. भागोजीचं अर्धं बालपण उधाणाआधी बांधावर फिरून बिळांत चिखल ठोसण्यात गेलेलं.

रविवारी कारखाना बंद. भागोजीने खाडीतून बादलीभर चिकणमाती आणली आणि यंत्रांची अकराच्या अकरा भोकं बुजवली, वरून अंगठ्याने गुळगुळीत केली. सोमवारी सुचिता डोक्याला हात लावून बसली. नव्या झाकणाचं डिझाइन त्याच भोकातून यंत्रात घालायचं होतं, आणि चिखल सुकून दगड झालेला. शेठ भागोजीला एवढंच म्हणाले, की जर्मन साहेब जाऊ दे, मग तूही जा.

बुधवारी साहेब आला. उंच, उन्हाने कान लाल झालेले. फाटकावर वहीत नाव लिहिल्याशिवाय सुटका झाली नाहीच. आत गेल्यावर त्याने परीक्षा म्हणून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढला. पहिल्या यंत्रात जाईना. दुसऱ्यात जाईना. तिसऱ्यापाशी तो गुडघ्यावर बसला आणि नखाने खरवडायला लागला. शेठचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. शेवटी भागोजीला बोलावलं. तो बांध, उधाण, चिंबोरी असं साग्रसंगीत सांगत गेला आणि सुचिता मान खाली घालून इंग्रजीत भाषांतर करत गेली.

साहेब नखातला चिखल काढत उठला. मग सांगू लागला, की त्याची आई समुद्राकाठची. तिथेही बांध, आणि त्यात पाणउंदीर बिळं करतात. ते पकडायला सरकार माणसं ठेवतं. त्याचा मामा तेच करायचा. बिळं सगळी बुजली ना, असं त्याने विचारलं.

भागोजी खोटं बोलणारा नव्हे. "एक ऱ्हायलंय, साहेब. शेठच्या केबिनला कुलूप व्हतं."

केबिनमधल्या कॉम्प्युटरची वायर सगळ्या यंत्रांना जाते. आणि त्याच्या भोकात, सगळ्यांदेखत, शेठच्या भाच्याच्या हळदीच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह लटकत होता.

साहेबाने महिन्याची मुदत दिली. चिखल काढा, त्या जागी चावीची झाकणं बसवा, केबिनची वायर तोडा. आणि अहवालात बिळं कोण तपासणार, या रकान्यात स्वतःच्या हाताने भागोजीचं नाव लिहिलं. आता नाव कागदावर, तेही जर्मनीत. शेठ त्याला काढणार कसा?

महिन्याभरात सगळं झालं आणि काम राहिलं. तेव्हापासून दर अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, भागोजी बॅटरी घेऊन यंत्रं तपासतो. शेवट केबिनमध्ये. त्याच्या चपला वाजल्या की शेठ हळदीचा पेन ड्राइव्ह पटकन खणात टाकतात.