बंद फोनवरून 'लिहीत आहे…'

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसून मोडाचे वाल सोलत होतो. हिचे मूठभर व्हायचे तोवर माझे चार, आणि त्यातला एक फुटलेला. "राहू द्या तुमचं, बिरड्याचं पिठलं कराल," म्हणत ती उठून आत गेली. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. हिचाच मेसेज — चहा ठेवला. मी लिहिलं, आलो. झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. हार्ट. शेवटचं बोलणं वगैरे काही नाही… वाल आणि चहा.

मी सातवीच शिकलेला माणूस, पण भुतंखेतं, अंगात येणं, सगळ्याला थोतांड म्हणत आलो. हिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर मी सरळ उठून घरी आलो. भावकी अजून बोलत नाही. तेव्हा हे लिहितोय ते कुणाला पटवायला नाही.

घरातल्या घरात मेसेज कशाला, म्हणाल. तर कारण आमची मुलगी मनीषा. प्रोग्रामर आहे. नोकरी वेगळी, आणि सुट्टीला हे फुकटचं काम वेगळं. मेसेज पाठवायची एक पद्धत आहे म्हणे, कुठल्याच एका कंपनीची नाही. देशोदेशीच्या लोकांनी मिळून नियम लिहिलेत, ज्याला पाहिजे त्याने आपलं यंत्र घरी ठेवावं. आमच्या वन बीएचकेतही टीव्हीशेजारी डब्याएवढं एक आहे. आमचे मेसेज त्यातून जातात.

"वर्गणी कोण देतं?" मी विचारलं होतं.

"वर्गणी नसते बाबा. लोक वेळ देतात."

"मग येडे आहेत सगळे."

"मीपण त्यातलीच."

"ते दिसतंच आहे."

प्रोग्राममध्ये काही बदललं की मनीषा ते आधी आमच्या फोनवर टाकायची. "आई, बाबांना टेस्ट मेसेज पाठव. चहा ठेवला, असं काहीतरी."

"ठेवला नाही तर लिहू कशी? खोटं?" ही आधी गॅस पेटवायची, आधण ठेवायची, मगच लिहायची. मनीषा कपाळाला हात लावायची. पण तिने ही गंमत त्या फुकट काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर सांगितली आणि तिकडच्या लोकांनीही टेस्टिंगला तेच शब्द धरले. एक जर्मन माणूस तर देवनागरीत 'चहा ठेवला' पाठवायचा. ही विचारायची, "त्याने ठेवला का पण खरंच?"

ही गेल्यावर मनीषाने ते काम सोडलं. एका रविवारी दुपारी म्हणाली, "बाबा, मशीन बंद करते. आईचं अकाउंटही काढते. नाव दिसलं की काही सुचत नाही मला."

ते नाव फोनवर दिसायचं, तेवढंच तर उरलं होतं. पण पोरीचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "काढ."

एकदा शेवटचं बघावं म्हणून फोन उघडला. हिचं नाव. खाली माझं 'आलो'. आणि त्याच्याखाली — लिहीत आहे… टिंबं हलत होती.

"मनू, हे बघ."

तिने बघितलं, उठून कपाट उघडलं. हिचा फोन साड्यांखाली, ठेवला होता तसाच. बटण दाबून धरलं, पेटला नाही. चार्जिंगच नव्हतं. माझ्या हातात टिंबं अजून हलत होती… मग थांबली. मेसेज काही आला नाही.

"जुना मेसेज अडकला असेल," मी म्हटलं.

"मेसेज अडकतो बाबा. समोरचा फोन बंद असला की यंत्रात थांबतो, चालू झाला की पोचतो. टिंबं कुठेच साठत नाहीत. समोर कुणी लिहितंय, तेवढ्यापुरतीच येतात."

संध्याकाळी तिने, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, ग्रुपवर लिहिलं. यंत्रातल्या नोंदीही टाकल्या. सकाळी उठलो तोवर ढीगभर उत्तरं आली होती. तिने मला मराठीत सांगितली. हिच्या अकाउंटवर त्या दुपारी कुणीच आलेलं नव्हतं. एकाने अंदाज बांधायचा, दुसऱ्याने खोडायचा. शेवटी तो जर्मन माणूस म्हणाला, कळत नाही. त्यांच्यात रीत आहे — उत्तर सापडत नाही तोवर तक्रार बंद करायची नाही, उघडी ठेवायची. ही अजून उघडीच आहे.

"मग? मशीन बंद करायचं?" मी विचारलं.

"बंद केलं तर शोधणार कुठे?" म्हणाली, आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला.

मी स्वयंपाकघरात गेलो. गॅस पेटवला. आधण ठेवलं, पत्ती-साखर टाकली. मग फोन काढला आणि हिच्या नावावर लिहिलं — चहा ठेवला.

बाहेरून मनीषा म्हणाली, "बाबा, यंत्रात आलाय तुमचा मेसेज. पुढे जाणार नाही. तिथेच थांबून राहील."

"राहू दे," म्हटलं. "खोटं नाही लिहिलेलं."