डोक्यावरचा पदर

नातीचा सामना मी घालवला. रॅकेटला हात न लावता, नुसता पदर हलवून. आठ वर्षं झाली. तेव्हा मी बासष्टची, म्हणजे तशी लहानच. आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय.

परभणीला महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा होती. नात दुहेरीत, जोडीला नागपूरची एक मुलगी. हा सामना जिंकला की नातीला रँकिंगचा पहिला गुण मिळणार होता. नाही मिळाला तर खेळ बंद, बी.एड.ला नाव घालायचं, असं माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, ठरवून टाकलेलं.

आदल्या दिवशी एक गंमत माझ्या नजरेत आली होती. सर्व्हिस करणारीची जोडीदार जाळीजवळ उभी राहते आणि हात पाठीमागं नेऊन तिला खूण करते. मूठ म्हणजे मी जागेवर थांबते. उघडा पंजा म्हणजे आडवी धावून चेंडू अडवते. मला हसूच आलं. राणीसावरगावच्या बाजारात माझे वडील शेळ्यांचा सौदा करायचे तो उपरण्याखाली बोटं दाबून, आणि परकरात असताना मी नुसतं उपरणं हललेलं बघून सौदा ओळखायची. ह्या पोरी तर उघड्यावर खुणा करायल्या!

सकाळी डबा भरताना मी नातीला म्हणलं, "मी समोरच्या जोडीच्या पाठीमागं बसते, त्यांनी बाजू बदलली की मीपण. पंजा दिसला की डोक्यावर पदर. मूठ दिसली की पदर खाली. तू फक्त बघ माझ्याकडं."

"आज्जी, पाया पडते तुझ्या, असलं काही करू नको. अंपायरनं बघितलं तर आमालाच बाहेर काढतील."

"बरं बाई, न्हाई करत," मी म्हणलं. आणि बरोब्बर तिथंच जाऊन बसले.

पहिल्या सेटमध्ये पंजा दिसला, हात आपोआप पदराकडं गेला. नातीनं डोळे वटारले, पण चेंडू मारला तो मोकळ्या जागेत. सेट आमचा. अंपायरनं नुसती मान वळवली तरी मी पदरानं वारा घ्यायची. समोरची सर्व्हिसवाली लातूरची पोरगी टॉवेल घ्यायला माझ्यापाशीच यायची, गोड हसायची. गुणी लेकरू, म्हणून मीही हसायची.

दुसऱ्या सेटमध्ये काय झालं कोण जाणे. पदर घ्यावा तर जाळीवरची पोरगी खांबासारखी उभी; सोडावा तर ती आडवी धावलेली. सेट गेला. शहाणी बाई हात मांडीखाली दाबून बसली असती. मी पदर आणखी जोरात ओढायला लागले.

शेवटी तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक. आठ-नऊ, आम्ही मागं, सर्व्हिस त्यांची. पंजा! मी पदर घेतला. नातीनं एकदाच, अगदी ओझरतं, माझ्याकडं बघितलं आणि चेंडू सरळ मारला. जाळीवरची पोरगी तसूभरही हलली नव्हती. तिनं तो अलगद खाली टाकला. संपलं.

नात बॅग भरत होती, मान वर करेना. तिच्यासमोर जायची हिंमत होईना म्हणून मी नळावर तोंड धुवायला गेले. तिथं ती लातूरची पोरगी बाटली भरत होती. वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आजी, पदर छान हाय हो तुमचा. पहिला सेट त्यानंच घालवला आमचा, म्हणून दुसऱ्यापासून खुणा उलट्या केल्या. शेवटच्या बॉलला तुमच्या पोरीनं तुमच्याकडं बघितलं नसतं ना, तर तो गुण तिचाच होता."