दहाव्याला राहिलेले केस

माझ्या पोराला सिनेमात घेतलं ते त्याच्या केसांमुळे, असं मी म्हटलं की त्याला राग यायचा. पण खरं तेच होतं. पहिल्या सिनेमात त्याने मेंढरं राखणाऱ्या पोराचं लहानसं काम केलं आणि ते लोकांना इतकं आवडलं, की मंठ्याच्या बाजारात भाजीवाली त्याचं नाव घेऊन दोन वांगी वर टाकू लागली. मग मुंबईहून नट निवडणाऱ्या एक बाई आमच्या गावी घरी आल्या. अंगात वीज खेळणाऱ्या एका शाळकरी पोराची गोष्ट होती. संकट आलं की त्याचे केस ताठ उभे राहायचे. बाईंनी ह्याच्या कुरळ्या जंगलात हात घातला आणि म्हणाल्या, "हाच. शूटिंग संपेपर्यंत कात्री लावायची नाही."

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हे काही पटलं नव्हतं. "वीज हाय ना त्याच्या अंगात? मंग आपली मोटर चालू करून दे म्हणावं. रातीची लाइन देऊन राह्यलेत." पण पोरगा वाढला तो त्यांच्याच खांद्यावर. मी शाळेत शिकवायला, हे शेतात. त्याचे संवाद पाठ करून घेतले ते आबांनी. वाचणं बेताचंच, त्यामुळे समोरच्या पात्राचं बोलणं ते मनचंच लावायचे आणि राक्षसाच्या तोंडी सोयाबीनवरच्या अळीची तक्रार यायची. पोरगा हसून लोळायचा.

शूटिंग निम्मं झालं आणि आबा गेले.

दहाव्याला आमच्याकडे मुलं, नातवंडं, भावकीतले पुरुष नदीवर जाऊन केस देतात. पोरगा सुटी काढून आला होता. ह्यांच्या चुलत्यांनी आधीच विषय मिटवला, "पोराचं काम अर्ध्यात हाय. त्याचे राहू द्या. आम्ही हावोत की." सगळ्यांनी माना डोलावल्या, पोराने नाही. त्याला केस द्यायचे होते. सकाळीच त्याने बाईंना फोन करून विचारलं. दिग्दर्शकांशी बोलून कळवते, असं त्या म्हणाल्या. रात्रभर लाइट नव्हती, फोन बंद पडायला आला होता, तो चार्जिंगला लावून मला म्हणाला, "बाईंचा फोन आला की सांग, आई. मी नदीवर थांबतो."

पुरुष नदीवर गेले आणि थोड्याच वेळात फोन आला. बाई म्हणाल्या, "विग करून घेऊ आम्ही. त्याला खुशाल केस देऊ द्या."

मी ह्यांना फोन लावला, दिरांना लावला, चुलत्यांना लावला. नुसती घंटी वाजत राहिली. अंघोळीसाठी सगळ्यांनी सदरे काढून बाभळीवर टाकलेले आणि फोन त्यांच्या खिशात. धाडायला घरात एक पुरुष माणूस उरलं नव्हतं. नदी म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, चार पावलांवर. मी चप्पल पायात सरकवली.

चुलतसासू ओट्यावर बसल्या होत्या. "कुठं निघालीस गं? तिथं बायका जात न्हाईत."

आवाजसुद्धा चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर कदाचित मी भांडून गेले असते, तेवढा फटकळपणा माझ्यात आहे. वर्गात पोरींना "पुढे व्हा, घाबरता कशाला" म्हणून ओरडणारी मी, पुन्हा एकदा ह्यांचा नंबर लावला आणि चप्पल काढली. तेव्हा अंगणात उभी होती ती बाई कोण होती, हे मला अजून कळत नाही. मला तिचा भयंकर राग येतो.

सगळे परतले. तुळतुळीत डोक्यांमध्ये त्याचं एकट्याचं भरलेलं, ओलं डोकं. त्याला बाजूला घेऊन मी फोनचं सांगितलं. पिंडाला कावळा शिवून गेला होता. मागून काढलेल्या केसांना अर्थ नसतो म्हणतात. "राहू दे," एवढंच बोलून तो आत गेला.

सिनेमा चालला. जालन्याच्या थिएटरात त्याचे केस उभे राहिले की पोरं शिट्ट्या मारायची. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "काय केस आहेत हो तुमच्या लेकाचे!" मी हसले. काय करणार? आतून मात्र उठून पळावंसं वाटत होतं.

मागच्या महिन्यात तो घरी आला तो डोकं पार भादरून. कुणी सांगितलं नव्हतं, मुहूर्त नव्हता. गुपचूप जेवायला बसला. मीच भाकरी वाढता वाढता म्हणाले, "त्या दिवशी मी लई फोन लावले रे. कुणी उचललाच नाही."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. घरात तो अजून आबांसारखंच बोलतो. "केस काढणाऱ्या काकांना मी थांबवून ठेवल्तं. सगळ्यांचं झालं तरी. ते सामान आवरेपर्यंत बांधाकडं बघत बसल्तो."

"बांधाकडं कशाला? फोन तर घरी होता."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"मला वाटलं, तू येशील."