रिपोर्ट चांगला, वासरं वाईट

गणपतीत जुमेरा लेक टॉवर्समधल्या कुणाच्या तरी घरी आरती संपून मोदकांच्या प्लेटी फिरायला लागल्या, की दुबईत नवीन आलेली एखादी बाई हमखास विचारते, "मग, तुम्ही काय करता?" कुणी बँकेत असतं, कुणी ऑडिटमध्ये, कुणी 'सध्या ब्रेकवर'. उर्मिला देवस्थळीची पाळी आली की ती मोदकावर तूप घेत शांतपणे सांगते, "मी शेण बघते."

"म्हणजे?"

"गुरांचं, बकऱ्यांचं, उंटांचं. मायक्रोस्कोपखाली. त्यातली जंतांची अंडी मोजते."

निम्म्या बायका तिथल्या तिथे लांब सरकतात. उरलेल्या निम्म्या प्लेट घेऊन जवळ येतात आणि "अय्या, उंटांना पण होतात?" असं विचारतात. उर्मिलाचं जमतं ते या दुसऱ्यांशी.

ती सेहेचाळीस वर्षांची. पुण्यात प्राणिशास्त्र शिकली, एम.एस्सी.ला परजीवींचा विषय घेतला. नवऱ्याला, उपेंद्रला, जबल अलीला लॉजिस्टिक्समध्ये नोकरी लागली तेव्हा ही त्याच्यामागून आली आणि चार वर्षं घरात बसून कंटाळली. मग दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका छोट्या खासगी पशुवैद्यक लॅबमध्ये चिकटली. एका बाजूला टाइल्सचं गोदाम, दुसऱ्या बाजूला बेकरी. सकाळी पावाचा वास आणि शेणाचा वास एकाच दारातून आत येतात.

कामाची रीत साधी. तीन ग्रॅम शेण मोजायचं, मिठाच्या दाट पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीनं गाळायचं. (पॅन्ट्रीतल्या खऱ्या गाळणीवर रिसेप्शनच्या अफशानं लाल नेलपॉलिशची खूण करून ठेवली आहे आणि ती रोज तपासते.) गाळलेलं पाणी रेघा आखलेल्या काचेच्या खणात भरायचं. पाच मिनिटांत अंडी आपोआप वर तरंगतात. लांबट, पातळ कवचाची, आत तुतीच्या फळासारखा पेशींचा घोस. मोजायची, पन्नासनं गुणायचं, रिपोर्टवर आकडा टाकायचा, खलास.

पण उर्मिलाचं तिथे खलास होत नाही. ज्या जनावराचं शेण तिच्या टेबलावर येतं ते कसं दिसतं, कुठे झोपतं, काय पितं, हे तिला कळल्याशिवाय चैन पडत नाही. अफशा म्हणते, "दीदी, आपको गिनती का पैसा मिलता है, सोचने का नहीं."

मार्चमधल्या एका बुधवारी राजन काउंटरवर येऊन उभा राहिला. राजन मूळचा त्रिशूरचा, अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका फार्मचा मॅनेजर. तिथे पूर्वीपासून मेंढ्या होत्या. गेल्या वर्षी मालकानं, ज्याला तिथे सगळे 'अर्बाब' म्हणतात, मांसासाठी वाढवायला बावीस काळी वासरं आणली. त्यांचं शेण उर्मिलाकडे दोनदा येऊन गेलं होतं: एकदा जंताचं औषध पाजण्याआधी, एकदा पाजल्यावर दोन आठवड्यांनी. पहिल्या खेपेला ग्रॅममागे सातशे अंडी. दुसऱ्या खेपेला बहुतेकांत शून्य, दोघातिघांत पन्नास. उर्मिलाला तो रिपोर्ट सही करताना बरं वाटलं होतं.

राजननं तोच रिपोर्ट काउंटरवर ठेवला.

"मॅडम, रिपोर्ट अच्छा है. बछडा अच्छा नहीं है."

"मतलब?"

"हड्डी दिखता है. गोबर पतला. काला बाल लाल हो गया. दवाई दिया होता तो ऐसा होता?" राजननं आवाज खाली आणला. "यहया ने दवाई दिया ही नहीं. बोतल बाहर बेच दिया. और सॅम्पल आपको पडोस के फार्म की बकरी का भेज दिया."

उर्मिलानं चष्मा काढला. "राजन, बकरीची लेंडी आणि वासराचं शेण यातला फरक मला कळत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?" रागावली की ती मराठीतच बोलते, समोर कोणीही असो. राजनला शब्द कळले नाहीत, सूर मात्र बरोबर कळला.

"सॉरी मॅडम. लेकिन एक तारीख को मैं उसका व्हिसा कॅन्सल कर रहा हूँ. दूसरा कारण है तो दिखाओ."

यहया त्या फार्मवरचा गुराखी. सुदानचा, कसला नावाच्या शहराकडचा. उर्मिलानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. सॅम्पलच्या प्रत्येक डबीवर तो वासराचा नंबर लिहायचा आणि खाली एकेक शब्द: 'कमजोर', 'शैतान', 'अच्छा लडका'. बकरीचं शेण भरून पाठवणारा माणूस डबीवर 'शैतान' कशाला लिहील? आणि व्हिसा गेला तर तो जाणार कुठे? त्याच्या देशात लढाई चालू होती.

"फोटो है बछडे का?" तिनं विचारलं.

राजननं फोन पुढे केला. उर्मिलानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. वासराच्या डोळ्यांभोवती केस विटून फिकट कडं पडलं होतं, जणू कुणी त्याला चष्मा घातला होता.

तिनं डॉक्टर उमैमांना फोन लावला. त्या फार्मच्या व्हेट, कराचीच्या, बोलणं चाबकासारखं.

"चष्मा? आँखों के गिर्द?" उमैमा म्हणाल्या. "तो कॉपर कम होगा, उर्मिला. तांबा. काला रंग उसी से बनता है."

"और कीडे? उनका इससे क्या संबंध?"

"दोनों साथ चलते हैं. कीडे आँत खराब करते हैं तो मिनरल अंदर नहीं जाता. मिनरल नहीं तो कीडों से लडने की ताकत नहीं. दवाई सिर्फ कीडे मारती है, कमी नहीं भरती."

उर्मिलानं फोनवर हात ठेवून राजनला विचारलं, "बछडों को मिनरल देते हो?"

"हमेशा! चाटने का पत्थर टंगा है. कभी खाली नहीं रहता."

उमैमांना ते ऐकू गेलं. "फिर कॉपर कैसे कम होगा? मैं संडे तक रास अल खैमा में हूँ. किसी को जाकर वो पत्थर देखना पडेगा."

'किसी को' म्हणजे कुणाला, हे उर्मिलानं ठरवून टाकलं.

"शनिवारी? शेण बघायला? तेही फुकट?" रात्री जेवताना उपेंद्र म्हणाला.

"शेण नाही रे. वासरं."

"ममा, यू आर सो वीअर्ड," त्यांची मुलगी केया मान वर न करता म्हणाली.

पुण्याहून आईचा फोन चालू होता. तिनं विचारलं, "दुधाची ना गं वासरं?" उर्मिलानं क्षणभर उपेंद्रकडे पाहिलं. "वासरंच गं आई. लहान आहेत अजून," ती म्हणाली आणि पोळी मोडली.

शनिवारी उपेंद्रनं तिला फार्मवर सोडलं आणि स्वतः गाडीत एसी लावून क्रिकेट ऐकत बसला. यहया फाटकापाशीच उभा होता. उंच, पन्नाशीचा, छातीवर हात ठेवून किंचित वाकला.

"सलाम, मडम. आप गिनती वाला मडम?"

"हो. म्हणजे, हाँ. आप 'शैतान' लिखने वाले?"

तो हसला नाही. "मडम, दवाई मैं दिया. एक एक का मुँह खोल के. वल्ला, खुदा की कसम."

"पता है मुझे. अंडे खलास हो गये ना, वो कौन करेगा? मैं?" उर्मिला म्हणाली. "तो झगडा खतम. अब बताओ, ये पाईप क्यों चाट रहे हैं?"

वासरं कुंपणाच्या लोखंडी पाइपा चाटत होती. एक माती खात होतं. उर्मिला शेडमध्ये शिरली आणि पुढचा तासभर प्रश्नच विचारत राहिली. चारा कुठला? विकतचा. पाणी? बोअरचं. तिनं नळ सोडून ओंजळ नाकाशी नेली. सडक्या अंड्याचा वास.

"गंधक," ती स्वतःशीच पुटपुटली. गंधकाचं पाणी पोटात तांबं बांधून टाकतं, अंगी लागू देत नाही, हे तिनं कधीतरी वाचलं होतं. पण बांधायला आधी तांबं पोटात जायला तर हवं. ते चाटणाच्या विटेतून जात होतं का? दोरीला टांगलेली वीट चाटून चाटून मधोमध खोल झाली होती. वेष्टन कुठेच नव्हतं.

"इसका थैला दिखाओ."

यहया गोदामाकडे चालू लागला, पण त्याची पावलं जड झाली होती. आत विटांच्या पिशव्या नीट रचून ठेवलेल्या. पिशवीवर मेंढीचं चित्र. खाली बारीक अक्षरांत, अरबीत आणि इंग्रजीत: मेंढ्या-बकऱ्यांसाठी, तांबं मिसळलेलं नाही.

उर्मिलानं ते दोनदा वाचलं.

"यहया, ये तो भेड का है. बछडों का अलग आता है. मंगाया क्यों नहीं?"

यहयानं पिशवीवरची धूळ हातानं पुसली. मग उंबऱ्यावर बसला.

"चार साल पहले, मडम. दो गाय था यहाँ. गाय का पावडर आया, ये कोने में रखा. रात को भेड लोग अंदर घुस गया, थैला फाड के खाया. फिर आँख पीला. पेशाब लाल, चाय जैसा. ग्यारह भेड मर गया. अर्बाब का बाप जिंदा था तब, उसका सबसे प्यारा मेंढा भी गया." त्यानं दोन्ही पंजे उघडले आणि मग आणखी एक बोट वर केलं. "बूढा अर्बाब रोया. मेरा हाथ पकड के बोला, गाय का थैला इस फार्म में फिर कभी नहीं. मैं जबान दिया."

"और बछडे आये तब?"

"जबान तो जबान है, मडम."

मेंढीला तांबं विष, हे उर्मिलाला पाठ होतं. थोडंसं जास्त झालं तरी यकृतात साठतं आणि एक दिवस रक्तात फुटतं. आणि वासराला तेच हवं. एका माणसानं मेंढ्या वाचवायला पाळलेला शब्द वासरांच्या जिवावर उठला होता.

"ये राजन को बोलेगा आप?" यहयानं विचारलं.

 औषध विकल्याचा आळ तिच्या आकड्यांनी पुसला होता. पण हे सांगितलं तर वासरं वाळली ती यहयामुळेच, असंच राजन म्हणणार. आणि न सांगावं तर बावीस वासरं पाइपा चाटत राहणार.

"बोलना पडेगा," ती म्हणाली. "लेकिन पूरा बोलूंगी. आधा नहीं."

रविवारी उमैमा आल्या, सहा वासरांचं रक्त काढून घेऊन गेल्या. "खून भी धोका देता है," त्या म्हणाल्या. "कलेजा खाली होने तक नॉर्मल दिखाता है. खून में कम निकला, तो समझो अंदर कुछ नहीं बचा." बुधवारी आकडे आले. सहापैकी पाच वासरांत तांबं कमी. बोअरच्या पाण्यात गंधकाचे क्षार भरपूर.

उर्मिलाच्या रिपोर्टवर खाली 'शेरा' नावाची एक चौकट असते. तेरा वर्षं ती तिथे 'काही नाही' लिहीत आली होती. यावेळी तिनं चौकट भरली, जागा पुरेना म्हणून पान उलटलं आणि मागेही लिहिलं.

गुरुवारी, एक तारखेच्या आदल्या दिवशी, ती आणि उमैमा फार्मवरच्या राजनच्या पोर्टाकॅबिनमध्ये बसल्या. यहया दाराशी उभा. राजननं कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या.

"मतलब गलती यहया का ही है," तो म्हणाला.

"राजन, आप फार्म पे कितने साल से हो?" उर्मिलानं विचारलं.

"दो साल. क्यों?"

"पत्थर का ऑर्डर कौन देता है?"

 "मैं. पुराने बिल से देख के."

"थैले के ऊपर भेड का फोटो है. दो साल में एक बार भी देखा?"

उमैमा खिडकीबाहेर बघू लागल्या. राजननं कपाळ पुसलं.

"मैंने भी नहीं देखा," उर्मिला म्हणाली. "मैं अंडे गिनती रही, पूछा नहीं कि ये खाते क्या हैं. चलो, वो छोडो. अब गाय का मिनरल आएगा. वो भेडों के मुँह लगा तो फिर ग्यारह मरेंगे. उस थैले के पास भेड को न जाने दे, ऐसा आदमी चाहिए. एक ने मालिक को दी हुई जबान चार साल नहीं तोडी. उसको कल भेज दोगे, तो चाबी किसको दोगे?"

राजननं कागद बाजूला ठेवला. त्यानं अर्बाबला फोन लावला, अरबीत बराच वेळ बोलला, एकदोनदा 'इन्शाल्ला' म्हणाला, आणि शेवटी फोन स्पीकरवर टाकून यहयाकडे दिला. यहया ऐकत राहिला. एकदा त्यानं बाहीनं डोळे टिपले. मग मान ताठ करून दोन वाक्यं बोलला आणि फोन परत केला.

"क्या बोला?" उर्मिलानं अरबी जाणणाऱ्या उमैमांना हळूच विचारलं.

"अर्बाब ने कहा, मेरे बाप का लफ्ज भेडों के लिए था, बछडों के लिए नहीं. तू रह जा, गाय का मिनरल मंगा. और ये कहता है," उमैमांच्या ओठांवर हसू आलं, "पहले दीवार. दीवार नहीं, तो थैला गेट के अंदर नहीं आएगा."

"वा रे वा!" राजननं टेबलावर हात आपटला. "सुबह तक नौकरी जा रहा था, अब शर्त लगाता है!" पण तो उठला, कपाटावरचा मोजायचा टेप काढला आणि यहयाकडे फेकला. "चल. नाप के बता. पत्थर का ऑर्डर मैं आज ही देता हूँ, थैला देख के."

यहया टेप घेऊन शेडकडे निघाला. उन्हातून उर्मिलाही त्याच्यामागे लगबगीनं चालली. टेपचं एक टोक तिनं धरलं. एका अंगाला मेंढ्या, दुसऱ्या अंगाला विटलेल्या केसांची वासरं, दोन्हीकडून माना लांबवून बघत होती.

"यहया, एक बात बताओ," ती म्हणाली. "भेड भूखी हो, तो कितना ऊँचा कूदती है?"

यहयानं टेप सोडला, दोन्ही हात स्वतःच्या छातीपर्यंत नेले, विचार करून ते खांद्यापर्यंत वर केले आणि मग पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.